वाळवंटातलं शेण आणि नाडेपची टाकी

जून २०२२ मध्ये एक बातमी कुवेतमधल्या जवळजवळ प्रत्येक भारतीयाच्या मोबाइलवर येऊन गेली असेल. जयपूरहून १९२ मेट्रिक टन देशी गाईचं शेण कुवेतला निघालं! कंटेनर भरले, रेल्वेने बंदरावर गेले आणि तिथून जहाजाने इकडे. गावाकडच्या ग्रुपवर मग चेष्टेला ऊत आला. 'काय रे, कांदा आमचा, हापूस आमचा, आता शेण पण आमचंच का?' आमच्या दादाने तर फोन करून विचारलं, 'तुमच्याकडे एवढा पैसा आहे, पण गुरं नाहीत का?'

दादाला वाटलं तसं इथे नाही. कुवेतमध्ये गुरं आहेत, आणि भरपूर आहेत. शहराबाहेर कबदच्या बाजूला गेलात तर मेंढ्या, शेळ्या आणि उंटांचे गोठेच्या गोठे दिसतात. त्याला इथे 'जाखूर' म्हणतात. सुलैबियाला मोठ्या डेअऱ्या आहेत. रोज सकाळी चहात जाणारं ताजं दूध तिथल्या गाईंचं असतं. गुरं आली म्हणजे शेण आलं, लेंड्या आल्या, मूत आलं. मग बाहेरून शेण का मागवायचं? बातम्यांत तेव्हा आलं होतं की ते खजुराच्या झाडांसाठी हवं आहे. तेवढ्यावर विषय संपला आणि लोक पुढच्या फॉरवर्डकडे वळले. माझ्या डोक्यात मात्र दादाचा प्रश्न राहिला. शेण असणं आणि खत असणं यात फरक आहे, आणि त्या फरकाचं नाव आहे हवा.

वाळूला भूक कसली?

आधी इथली जमीन समजून घेऊ. कुवेतमध्ये वर्षभरात साधारण ११०-१२० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात जुलैच्या एखाद्या दिवशी एवढा पडून जातो आणि कुणी त्याची बातमीही करत नाही. उन्हाळ्यात पारा ५० च्या पुढे जातो. २१ जुलै २०१६ रोजी इथल्या मित्रिबाह केंद्रावर ५३.९ अंशांची नोंद झाली होती. जागतिक हवामान संघटनेनेही ती मान्य केली आहे.

तरीही इथे शेती होते. दक्षिणेला सौदीच्या सीमेजवळ वफ्रा आणि उत्तरेला इराकच्या सीमेजवळ अब्दली, हे दोन मोठे पट्टे. काकडी, टोमॅटो, वांगी, भोपळी मिरची, कोथिंबीर, खजूर, सगळं होतं. हिवाळ्यात शुक्रवारी सकाळी गाडी काढून वफ्राला भाजी आणायला जाणारी मराठी कुटुंबंही बरीच आहेत. पण ही जमीन म्हणजे वाळू. सेंद्रिय अंश एक टक्क्याहूनही कमी. पाणी घातलं की चाळणीतून गेल्यासारखं खाली जातं आणि जाताना खतही घेऊन जातं. बरं, पाणी स्वस्त नाही. विहिरीचं पाणी खारट, समुद्राचं पाणी गोडं करायला प्रचंड वीज लागते. सुलैबियाला सांडपाणी शुद्ध करणारा जगातला एक मोठा प्रकल्प आहे, तिथलं पाणीही शेतीला वापरतात.

अशा वाळूला नुसता युरिया देऊन भागत नाही. तिला पाणी धरून ठेवणारं काहीतरी लागतं, आणि ते काम चांगलं कुजलेलं खत करतं. म्हणून इथे कंपोस्ट ही हौसेची गोष्ट नाही. त्याने पाण्याची, म्हणजे शेवटी विजेची आणि तेलाची, बचत होते.

मग जाखुरातलं शेण सरळ टाकावं की शेतात! तिथेच गाडी अडते. कच्च्या शेणात तणांचं बी असतं, रोगजंतू असतात, माश्यांची अंडी असतात. इथल्या कोरड्या हवेत लेंड्या तर दगडासारख्या वाळतात, वर्षभर तशाच पडून राहतात. शिवाय जनावराच्या मुतातले आणि खारट पाण्यातले क्षार असतातच. आधीच खारावलेल्या वाळूत असलं शेण घातलं तर रोपाचा फायदा होण्याऐवजी मुळं भाजतात.

उकिरड्यात नेमकं काय होतं?

शेण कुजवणारे जिवाणू दोन जातींचे, असं सोप्या भाषेत समजू या. एक हवा खाणारे, दुसरे हवेवाचून जगणारे. आपल्या गावाकडचा उकिरडा आठवा. रोज पाटीभर शेण टाकायचं, पावसाचं पाणी त्यात मुरायचं, वरून कोंबड्या फिरायच्या. वरच्या वीतभर थराला हवा मिळते, खाली मात्र चिखल. तिथे हवेवाचून जगणाऱ्यांचं राज्य. ते काम करतात, पण फार संथ. काम करताना मिथेन, हायड्रोजन सल्फाइड असले वायू सोडतात. कुजक्या अंड्याचा वास येतो तो याच हायड्रोजन सल्फाइडचा. मिथेनला वास नसतो, पण शंभर वर्षांचा हिशेब धरला तर पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट जोरकस आहे.

आता त्याच ढिगाला हवा द्या. हवा खाणारे जिवाणू जागे होतात आणि दणक्यात कामाला लागतात. दोन-तीन दिवसांत ढीग आतून तापतो, ५५ ते ६५ अंशांपर्यंत जातो. हात घातला तर चटका बसेल एवढा. या उष्णतेत तणांचं बी मरतं, माश्यांच्या अळ्या मरतात, बहुतेक रोगजंतू मरतात. अमेरिकेतला सांडपाण्याच्या गाळाचा नियम सांगतो की हवा फुंकलेल्या ढिगात ५५ अंशांवर किमान तीन दिवस गेले पाहिजेत. उलथून हवा द्यायची असेल तर पंधरा दिवस, आणि त्या काळात पाच वेळा ढीग पालटायचा.

त्यासाठी तीन गोष्टींचा मेळ लागतो. पहिली, खाद्य. जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे पंचवीस ते तीस भाग हवे असतात. शेणात नत्र जास्त, कोंबडीखतात तर फारच जास्त. वाळका पाला, लाकडाचा भुसा, खजुराच्या झावळ्या यांत कर्ब जास्त. म्हणून एकट्या शेणाचा ढीग अमोनियाचा भपका मारतो आणि एकट्या झावळ्यांचा ढीग वर्षभर हलत नाही. दोन्ही मिसळले की जमतं. दुसरी, ओलावा. ५० ते ६० टक्के. मूठभर माल घेऊन पिळला तर हात ओला व्हावा, एखाददुसरा थेंब यावा, पण धार लागू नये. तिसरी, अर्थातच हवा. माल इतका बारीक नको की घट्ट बसेल, आणि ढीग इतका उंच नको की स्वतःच्याच वजनाने दबेल.

यातले दोन धडे मराठी माणसांचे

हे सगळं ऐकून वाटेल की हे परदेशी शास्त्र आहे. तसं मुळीच नाही.

१९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ इंदूरला होते. होळकरांचं इंदूर. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत त्यांनी शेतातला काडीकचरा आणि बैलांच्या गोठ्यातलं शेण-मूत मिसळून कंपोस्ट करण्याची पद्धत बसवली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. या पद्धतीवरचं पुस्तक १९३१ मध्ये ऑक्सफर्डने छापलं, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. हॉवर्ड यांचं नाव सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक इतिहासात येतं, वाडांचं क्वचितच. इंदूर पद्धतीचं मर्म काय? ढीग ठरावीक दिवसांनी, एकूण तीनदा, पालटायचा आणि तीन महिन्यांत खत तयार. पुढे हॉवर्ड यांनी ढिगात पहारीने उभी भोकं पाडायलाही सांगितलं, म्हणजे हवा आतपर्यंत जाईल.

दुसरा धडा यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचा. ना. दे. पांढरीपांडे, म्हणजेच नाडेपकाका. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच 'नाडेप' हा शब्द झाला. त्यांनी प्रश्न वेगळाच मांडला. शेतकऱ्याकडे शेण थोडं, काडीकचरा मात्र भरपूर, आणि ढीग सारखा पालटायला माणसं नाहीत. मग काय करायचं? जमिनीवर विटांची टाकी बांधायची. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंतींत मुद्दाम खिडक्यांसारखी भोकं ठेवायची. त्या भोकांतून हवा आपोआप आत-बाहेर करत राहते, माल पालटावा लागत नाही.

भरायची रीतही ठरलेली. आधी काडीकचऱ्याचा सहा इंचांचा थर, त्यावर चार-पाच किलो शेण पाण्यात कालवून शिंपडायचं, त्यावर चाळलेली कोरडी माती. असे दहा-बारा थर. वरून शेणमातीने लिंपून घ्यायचं. एका टाकीला साधारण चौदाशे-पंधराशे किलो काडीकचरा, पण शेण फक्त शंभर किलोच्या आत-बाहेर. तीन-चार महिन्यांत मातीसकट सुमारे तीन टन खत. शेण इथे मुख्य माल नाही, ते विरजण आहे. दुधात विरजण घालावं तसं. हे एकदा समजलं की '१९२ टन शेण' हा आकडा वेगळ्या नजरेने दिसतो.

ब्लोअर लावलेला उकिरडा

मी गेली अनेक वर्षं इथे एअर कंडिशनिंगच्या मेंटेनन्समध्ये आहे. डक्ट, ब्लोअर, टायमर हे माझं रोजचं जेवण. त्यामुळे पुढचा भाग वाचला तेव्हा मला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

१९७० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याने बेल्ट्सव्हिल इथे नवी रीत बसवली. ढीग पालटायचाच नाही. जमिनीवर भोकं पाडलेले पाइप अंथरायचे, त्यावर लाकडाच्या ढलप्यांचा थर, वर शेण किंवा गाळ आणि भुसा यांचं मिश्रण, आणि सगळ्यावर तयार खताची गोधडी. पाइपाला ब्लोअर जोडायचा. तो सतत चालवायचा नाही, टायमरवर थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद. ढिगातला ऑक्सिजन पाच टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, दहाच्या आसपास असला तर उत्तम. वर पांघरलेलं तयार खत उष्णता धरतं आणि वासही गाळून घेतं. ब्लोअर उलटा फिरवून हवा आत ओढून घेतली तर तीच हवा जुन्या खताच्या दुसऱ्या ढिगातून सोडता येते, म्हणजे शेजाऱ्यांच्या नाकापर्यंत काही पोचत नाही.

थंड देशात ब्लोअरवाल्यांना काळजी असते ढीग गार पडण्याची. कुवेतमध्ये उलटं. इथली हवा इतकी कोरडी की फुंकलेली प्रत्येक झुळूक ढिगातलं पाणी घेऊन जाते. ढीग वाळला की जिवाणू झोपतात. वरून तापमान उतरलेलं दिसतं आणि माणसाला वाटतं खत तयार झालं. तयार नसतं, फक्त सुकलेलं असतं. पाणी मारलं की पुन्हा तापायला लागतं. म्हणून इथे ढीग सावलीत हवा, झाकलेला हवा, आणि पाणी मारायचं तर खारं नको. खाऱ्या पाण्यातलं पाणी उडून जातं, मीठ मात्र खतातच साठत जातं. तयार खताची क्षारता मोजल्याशिवाय ते रोपवाटिकेत वापरू नये.

उष्णतेचीही मर्यादा आहे. ढीग ७० अंशांच्या वर गेला तर काम करणारे जिवाणूच मरतात आणि नत्र अमोनिया होऊन उडून जातं. तेव्हा ब्लोअर हवा पुरवण्यासाठी नाही, ढीग गार करण्यासाठी चालवावा लागतो. एसीवाल्या माणसाला हे सांगायला नको!

तेलाने भिजलेल्या मातीलाही हवाच

हवेची ही करामत कुवेतने एका फार मोठ्या संकटात वापरून पाहिली आहे. १९९१ च्या युद्धात माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवल्या. शेवटची विहीर नोव्हेंबर १९९१ मध्ये बंद झाली. आग विझली, पण वाळवंटात तेलाची तळी राहिली आणि खालची माती तेलाने माखून गेली.

पुढे कुवेत इन्स्टिट्यूट फॉर सायंटिफिक रिसर्च या संस्थेने जपानी तज्ज्ञांबरोबर बुरगान तेलक्षेत्रात त्या मातीवर काम केलं. तीन रीती शेजारी-शेजारी करून पाहिल्या. एकीत माती पसरून नांगरत राहायची, दुसरीत कंपोस्टसारखे लांब ढीग लावून पालटायचे, तिसरीत ढिगाखालच्या पाइपांतून हवा द्यायची. मातीत खत आणि लाकडाच्या ढलप्या मिसळल्या, पाणी दिलं आणि बाकीचं काम जिवाणूंवर सोडलं. तिन्ही रीतींत मातीतलं तेल बरंच खाली आलं. तेल खाऊ शकणारे जिवाणू या वाळवंटात आधीपासूनच होते. त्यांना हवा, पाणी आणि थोडं खाद्य मिळण्याचीच वाट होती. जिथे खनिज तेल पचतं तिथे मेंढीच्या लेंड्या का पचणार नाहीत?

ढीग उपसणारे हात

आता ज्याबद्दल कमी बोललं जातं त्याबद्दल. इथल्या जाखुरांत आणि शेतांवर फावडं हातात असलेला माणूस बहुतेक वेळा आपला, नेपाळचा, बांगलादेशचा किंवा इजिप्तचा असतो. १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात दुपारी ११ ते ४ उघड्यावर काम करून घ्यायला कुवेतमध्ये बंदी आहे. पण सकाळी आठलाही इथलं ऊन काय असतं ते आपल्याला माहीत आहे. अशा उन्हात ६० अंशांचा ढीग फावड्याने पालटणं म्हणजे भट्टीसमोर उभं राहणं. ब्लोअर आणि पाइप हे म्हणूनच फक्त खताचं तंत्र नाही, ती माणसाची सोय आहे.

आणि एक धोका कायम लक्षात ठेवा. आपल्या ओळखीचं कुणी डेअरीवर किंवा गोठ्यावर कामाला असेल तर त्याला हे आवर्जून सांगा. पातळ शेण साठवलेल्या बंद खड्ड्यात किंवा टाकीत कधीही एकट्याने उतरायचं नाही. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी साठतो. थोडा असला तर घाण वास येतो, जास्त असला तर नाकाची वास घेण्याची ताकदच जाते. म्हणजे 'आता वास येत नाही' याचा अर्थ 'आता धोका नाही' असा नसतो. आत कुणी पडलं तर वाचवायला उडी मारणाराही जातो, असं आपल्याकडेही किती वेळा झालंय. आधी बाहेरच्या लोकांना बोलवायचं, श्वासाच्या उपकरणाशिवाय आत जायचं नाही. सुकं खत उपसताना धूळ आणि बुरशी उडते, तेव्हा तोंडाला मास्क हवाच.

फ्लॅटमध्ये काय करता येईल?

फहाहील, मंगाफ, अब्बासिया, सालमिया, कुठेही राहत असाल, बाल्कनी असेल तर वीस लिटरची बादली पुरते. तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, खाली ताट ठेवा. तळाशी वाळका पाला किंवा खरेदीच्या खोक्यांचा फाडलेला पुठ्ठा. मग रोजची भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, आणि प्रत्येक वेळी त्यावर तेवढाच पुठ्ठा किंवा पाला. विरजण म्हणून मूठभर तयार खत. आठवड्यातून दोनदा काठीने ढवळायचं. मासळी, मटण, तेलकट भाजी आणि लोणचं घालायचं नाही. लोणच्यातलं मीठ खताला मारक, आणि मासळीचा वास आला तर हारिस दारात उभा राहील! ऑक्टोबर ते एप्रिल हा इथला उत्तम काळ. उन्हाळ्यात बादली घरात सावलीला घ्या, नाहीतर दोन दिवसांत सगळं खडखडीत. अडीच-तीन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत हाताशी येतं. कढीपत्ता आणि तुळस त्यावर मजेत वाढतात.

आणि गावाकडे

मला खरी काळजी आहे ती गावाकडची. आपल्यापैकी किती जण दर वर्षी खताच्या आणि बियाण्याच्या मोसमात घरी पैसे पाठवतात! त्याच घराच्या मागे उकिरडा असतो, हवेवाचून सडत असतो, पावसात त्याचा काळा रस ओढ्याला जात असतो. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या बांधावर पेटवल्या जातात. मोल असलेलं सगळं वाफ आणि धूर होऊन जातं, आणि मग आपण इकडून दिनार पाठवून खताची गोणी घेतो.

खोटी आशा दाखवत नाही. युरियात ४६ टक्के नत्र असतं, चांगल्या नाडेप खतात एक टक्क्याच्या आसपास. गोणी एका वर्षात बंद होणार नाही. पण जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढला की पाणी टिकतं, टाकलेलं रासायनिक खतही वाया जात नाही, आणि दोन पावसांच्या मधला खंड पीक सोसू शकतं. वाळूत शेती करणारा कुवेत हे पैसे मोजून शिकतोय. आपल्या काळ्या जमिनीला हे अजून स्वस्तात जमण्यासारखं आहे.

वफ्राला एका शेतावर काम करणारे पुसदकडचे एक काका भेटले होते. मी नाडेपचा विषय काढला तर हसले. म्हणाले, 'अहो, आमच्या गावात टाक्या हायेत ना. अनुदानात बांधल्या, आता त्यात सरपण ठेवतेत.' हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेतून नाडेपची टाकी बांधता येते, ग्रामपंचायतीत चौकशी करता येते. टाकी बांधून मिळते, पण भरावी आपल्यालाच लागते. ती दोन दिवसांच्या आत एकदम भरायची असते, रोज पाटी-पाटी टाकून जमत नाही. तेवढ्यासाठी चार माणसांची मजुरी लागते.

दादाला मी मग एवढंच सांगितलं. 'पुढच्या वेळी मी खताच्या गोणीचे पैसे पाठवीन, त्यात टाकी भरायच्या मजुरीचे वेगळे असतील. पऱ्हाट्या जाळू नकोस.' तो म्हणाला, 'आधी आपल्या उकिरड्यात पहार घालून बघतो, खाली काय आहे ते.' तुम्हीही घरी फोन कराल तेव्हा हे करायला सांगा. पहार बाहेर काढल्यावर टोक कोमट लागलं आणि मातीचा वास आला तर उत्तम. गार, काळं आणि कुजक्या अंड्याच्या वासाचं निघालं, तर त्या ढिगाला हवा हवी आहे.